‘काळी एक’: एका बालकादंबरीच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२५

तात्पुरतं नाव ‘काळी एक’, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी, शंभरेक पानं. काळ १९४१ ते १९४४. गाव मालवण आणि देवगडच्या मधलं, खाडीकाठचं; नाव द्यायचं नाही. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, म्हणून पुस्तकात कुणी ‘सिंधुदुर्ग’ म्हणालं तर तो समुद्रातला किल्ला.

माणसं थोडी. सुलू, वय बारा. भाऊ गण्या, नऊ. आई, आजी. बाप मुंबईला गोदीत, गाववाल्यांच्या खोलीत राहतो, महिन्याला मनीऑर्डर धाडतो. देवळातले भजनीबुवा. आणि देवळातली पेटी.

कथेचा खिळा एकच: पेटीचा एक सूर, म्हणजे पट्टीखाली वाजणारी पितळी जीभ, मरतो आणि नवा मिळत नाही. चांगले सूर तेव्हा जर्मनीहून, पॅरिसहून येत. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि जर्मनीचा माल बंद झाला. जून १९४० मध्ये पॅरिस पडलं. कोकणातल्या देवळात पितळेची एवढीशी जीभ तुटते आणि तिचं कारण युरोपात असतं. मुलांना युद्ध सांगायला मला नकाशापेक्षा हे बरं वाटतं.

११ फेब्रुवारी

खऱ्या बुवांकडे गेले. आमच्या भागात सोमवारच्या भजनाला पेटीवर तेच असतात. कथा ऐकून घेतली आणि हसले.

“बाईनू, सूर मेलो तर पट्टी बदलूची. त्यात काय मोठा?”

माझं नाटक पाच मिनिटांत उतरवलं त्यांनी. पण मग पेटी पुढ्यात ओढली, वरची फळी काढली, मधल्या सप्तकातल्या काळी एकच्या सुराखाली कागदाचा कपटा सरकवला आणि म्हणाले, आता बघा. पट्टी मुकी. देवळातलं भजन काळी एकमध्ये चालतं, म्हणजे षड्जच, मूळ सा, गेला. त्यांनी अर्धा सूर खाली येऊन पांढरी एक धरली. रूपाचे अभंग, गजर, गौळण, सगळं बिनबोभाट निघालं. गप्पा मारत वाजवत होते. मग सवयीने शेवटच्या भैरवीकडे वळले आणि थांबले. पांढरी एक षड्ज केला की मेलेली काळी एक ही कोमल रिषभ होते. भैरवीत कोमल रिषभ नाही म्हणजे काय राहिलं? गाणारे गळ्याने घेतील, पण पेटी एकटी वाजते तिथे प्रत्येक वेळी भोक.

मी विचारलं, मग भैरवीपुरती पांढरी दोन केली तर? तिथे मेलेली पट्टी शुद्ध निषादावर जाते, भैरवीला तो लागत नाही. त्यांनी पखवाजाकडे बोट दाखवलं. सगळी रात्र पांढरी एकला लावलेला पखवाज शेवटच्या दहा मिनिटांसाठी कोण ठोकत बसणार?

म्हणजे कथेचा खिळा सरकला आणि जास्त घट्ट बसला. सूर मेल्याने गावाचं भजन बंद पडत नाही. फक्त ते नीट संपवता येत नाही. दर सोमवारी सगळं व्यवस्थित चालतं आणि शेवटाला अडतं. १९४२ ते ४४ या वर्षांना याहून चांगलं काही मला सुचलं नसतं.

एक अट बुवांनी घातली. पेटी एकेरी सुराची ठेवायची. दुहेरी असेल तर एक मेला तरी दुसरा वाजतो, आणि जाणकार वाचणारा पुस्तक तिथेच मिटेल.

२ मार्च

संपादकांचा फोन. त्यांना सुलूने भजन गावं असं वाटतं, मुखपृष्ठावर गाणारी मुलगी हवी. १९४३ च्या सोमवारी देवळात भजनाला मुलगी पुढे बसली असती का? नसती. ती बाहेर वळईत आजीच्या मांडीशी बसली असती. बायकांचं गाणं वेगळीकडे होतं: जात्यावर, भाताच्या लावणीत, फुगडीत. ते कमी दर्जाचं होतं असं नाही, पण देवळातल्या पेटीशी त्याचा संबंध नव्हता.

तोड अशी काढली. कान सुलूचा, गळा गण्याचा. आजीच्या ओव्या ऐकत जातं ओढणाऱ्या मुलीला सूर कुठे पडला ते कळतं. भावाला बसवून बसवून कोमल रिषभ तिने घोटून घ्यायचा. पेटी गप्प होते तिथे गण्या ‘आ’काराने सूर भरतो. गावाला वाटतं पोरगं हुशार. सुलूला राग येतो. हा राग पुस्तकात राहणार, संपादक काही म्हणोत.

१७ मार्च

शिमगा. गावात कुणी घरात नाही, लिहायला निवांत. १९४२ चा उन्हाळा लिहिला. त्या वर्षी मुंबईकर शिमग्याला नव्हे, बॉम्बच्या धास्तीने गावाला आले. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला, ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडलं, ५ एप्रिलला कोलंबोवर बॉम्ब पडले. पुढची पाळी मुंबईची, असं ज्याचं त्याचं मत. बोटी भरभरून आल्या. घरात माणसं वाढली आणि तांदूळ कमी झाला, कारण स्वस्त तांदूळ यायचा तो ब्रह्मदेशातूनच. आमच्या मुलांना ब्रह्मदेश म्हटलं की रत्नागिरीचा थिबा राजवाडा तेवढा आठवतो. राजा इथे कैदेत आणि त्याच्या मुलखातला भात आमच्या ताटात, हे एका वाक्यात आजीच्या तोंडी घातलंय.

३० मार्च

पाडवा. पखवाजाचं प्रकरण.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक लावतात, तेव्हा तो घुमतो. भजन झालं की ती खरवडून टाकायची. बुवांच्या पखवाजवाल्याने आज मला सगळं करून दाखवलं: लिंबाएवढा गोळा, पाण्याचा हात, मधोमध थापायचा, कडेला पातळ करत न्यायचा, मग थाप मारून ऐकायचं, थोडं पाणी, पुन्हा थाप. शेवटी ‘धा’ पोटातून यायला लागतो.

आता १९४३ चं कोकण डोळ्यापुढे आणायचं. इथे गहू पिकत नाही. घरात पेज पातळ होत चाललीय. आणि दर सोमवारी कणकेचा एक गोळा पखवाजाला. कुणी काही बोलत नाही, पण भजन संपलं की गण्याची नजर त्या गोळ्यावर.

मी विचारलं, नाचणी चालेल? करून बघितली. थापली तेव्हा बसली, दोन-तीन कडक थापांनंतर भेगा पडल्या आणि खपलीसारखी सुटून मांडीवर आली. पखवाजवाला म्हणाला, “नाचण्याचा पीठ धरूचा नाय, त्येका चिकाटी नाय.” छान. तेराव्या प्रकरणात गावकरी नाचणी लावून बघतात, आणि जे होतं ते हेच. नंतर पुजारी गोळा खरवडतो, केळीच्या पानात गुंडाळतो आणि काही न बोलता गण्याच्या आईकडे देतो. त्या रात्री घरात चुलीवर काय भाजलं गेलं ते मी लिहिणार नाही, मुलं ओळखतात.

५ एप्रिल

चित्रकाराचे प्रश्न, झटपट. दिवा: रॉकेलची टंचाई, म्हणून देवळात उंडीच्या कडू तेलाच्या पणत्या, आणि त्यांचा काळा धूर भिंतीवर. पैसा: १९४३ पासून भोकाचा. धातू वाचवायला सरकारने पैशाला मधोमध मोठं भोक पाडलं. गण्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक असू दे, पण १९४३ च्या आधीच्या चित्रात दाखवायचा नाही. एक रुपयाची नोट चालेल, ती १९४० साली पुन्हा आली. बापाची टोपी: काळी.

१४ एप्रिल

आजच्या तारखेचं प्रकरण आजच लिहायला घेतलं. शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट. पोटात कापसाच्या गासड्या, सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, एकाच बोटीत. दुपारी कापूस पेटला. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्याहून मोठा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले; आजचा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठी पाळतात. मेलेल्यांचा एकूण आकडा आजवर वेगवेगळाच सांगितला जातो, कारण गोदीत रोजावर राबणाऱ्याची नोंद कुठे असणार? आमच्याच गावांतली माणसं ती.

सोन्याच्या विटा दूरवर उडाल्या हे मुलांना आवडणार, ठेवलंय. पण प्रकरणाचा जीव दुसरीकडे आहे. युद्धकाळची सेन्सॉरशिप. जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशिलात बातमी दिली, आणि इथल्या पत्रकारांना ती धाडायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे मधले साडेतीन-चार आठवडे गावात फक्त बोटीने आलेल्या माणसांची गजाल. एक म्हणतो अर्धी मुंबई जळाली. दुसरा म्हणतो गाववाल्यांची खोली शाबूत आहे, पण खोलीत कोण कोण होतं ते त्याला सांगता येत नाही.

१७ एप्रिल सोमवार. भजन करायचं की नाही? या प्रश्नावर पूर्ण प्रकरण. बुवा म्हणतात करायचं. सुलूची आई म्हणते, करा, पण भैरवी नको.

हे वाक्य लिहिताना सुचलं, आधी ठरलेलं नव्हतं.

६ मे

संपादक विचारतात, बाप सैन्यात का नाही? कोकणातून मराठा रेजिमेंटमध्ये किती माणसं गेली. खरं आहे. माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे यांना इटलीत १० जुलै १९४४ रोजी लढताना वीरमरण आलं, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गावोगावी पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या अजून आहेत, इथून इतके गेले, इतके परतले नाहीत. पण सैनिकाची गोष्ट झाली की मुलं पराक्रम शोधतात. गोदीवाल्याला पराक्रम करायचा नाही, गासड्या उतरवायच्या आहेत. युद्धाने त्याला विचारलंसुद्धा नाही. मला तो हवा.

२६ मे

पाऊस आताच आला, मे सरायच्या आत. आंबेवाल्यांचे हाल. माझ्या पुस्तकातला पाऊस मात्र वेळेवर येतो, आणि तो आला की बोटी बंद. जून ते नारळी पौर्णिमा समुद्राला वाट नाही; पत्र येणार ते कोल्हापूरवरून घाट उतरून. म्हणून बापाची खबर यायची ती पावसाआधीच यायला हवी. कालरेषा पुन्हा आवळली.

आठव्या प्रकरणात खोतांचा बॅटरीवरचा रेडिओ. ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून पेटीला दार बंद केलं. ठरलेल्या पट्ट्यांवर मींड आणि श्रुती, म्हणजे सुरावरून सुरावर घसरणं आणि सुरांमधली बारीक अंतरं, निघत नाहीत, म्हणून हिंदुस्थानी गाण्याला ती चालायची नाही, असा तो वाद. बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. म्हणजे कथेतली मंडळी खोताच्या ओटीवर रेडिओ ऐकतात, त्यात गाणं आहे आणि पेटी नाही. बुवांची प्रतिक्रिया: “सरकारी गाण्यात आमच्या पेटीक जागा नाय, गोदीत मात्र आमच्या झिलांका आसा.” आणि त्याच रेडिओवर सप्टेंबर १९४२ मध्ये खोताचा मुलगा दारं लावून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ शोधतो. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी २७ ऑगस्टला मुंबईत सुरू केला, १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला. सुलूला ऐकू येते ती फक्त खरखर, आणि खरखरीत एक बाई बोलतेय एवढंच.

२१ जून

लेनिनग्राडचं वाचन संपवलं. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली, गवालिया टँकवर अरुणा असफअलींनी झेंडा फडकवला. त्याच दिवशी जर्मनांच्या वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये वाद्यवृंदाचे संचालक एलियासबर्ग यांनी रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी वाजवून घेतली. शहरभर कर्णे लावून, वेढा घालून बसलेल्या जर्मनांनाही ऐकू जावी म्हणून.

ही जोडी पुस्तकात घालायचा मोह जबरदस्त. घातली नाही. खाडीकाठच्या पोरीला १९४२ मध्ये हे कळायची सोय नव्हती, आणि लेखिकेने मागून कानात सांगितलेलं मुलांना बरोबर कळतं. जे घेतलं ते त्या कार्यक्रमाआधीचं. वादक उपासमारीने इतके खंगलेले की पहिली तालीम पाव तासात थांबवावी लागली, मग त्यांना जादा शिधा मिळाला. संगीताने भूक भागली असं तिथेही झालं नाही. आधी शिधा, मग तालीम. माझ्या कणकेच्या प्रकरणाला यातून बळ आलं. ‘गाण्याने गावाला जगवलं’ असल्या ओळी मसुद्यातून वेचून काढल्या. निघाल्या बऱ्याच.

१९ जुलै

पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना गाठलं. भर पावसात त्यांच्याकडे पेट्यांची रांग. दमटपणाने लाकूड फुगतं, चामडं सुटतं, सुरांवर हिरवट गंज चढतो. शेवट कसा करावा ते त्यांना विचारलं आणि त्यांनी मला शेवट देऊन टाकला.

मेलेल्या सुराच्या जागी शेजारचा सूर काढून बसवता येतो. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. त्यांनी कानशीने दोनदाच टोकावर फिरवली, पातळ पट्टी खाली सरकवून जीभ उचलून धरली होती, फुंकर मारून कीस उडवला आणि भाता दिला. ऐकण्याइतका चढला होता. एक सूर दुसऱ्यावर न्यायला तासभर जातो, घाई केली तर जीभ जाते.

घरी येऊन कागदावर मांडलं. पांढरी एकचा सूर काढून, टोक घासून अर्धा सूर चढवला की काळी एक जिवंत. मग भजन आपल्या मूळ पट्टीत परत, बुवांचा म्हातारा गळा त्याच्या जागी, आणि भैरवी सबंध. पण पांढरी एक आता मुकी, म्हणजे शुद्ध निषाद गेला. भैरवीला तो नको असतो. बाकी काही अभंगांना हवा असतो. एक भोक बुजवायला दुसरं पाडावं लागतं आणि कुठलं पाडायचं ते सुलू ठरवते. बारा वर्षांच्या मुलीला एवढा अधिकार देणारी जागा पुस्तकात दुसरी नाही. संपादकांना सांगितलं, मुखपृष्ठावर मुलगी हवी ना? हातात कानस द्या.

३ ऑगस्ट

वाचनालयात मुलांसमोर मसुदा वाचला, शेवटची तीन प्रकरणं सोडून. चौथीतला एकजण अर्ध्यातच उठला: “बाई, बापूस येता काय नाय, ता पयला सांगा.” मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाला, माका वाटून काय उपयोग.

मोठ्या मुलींना सुलूचा राग आवडला. नाचणी पखवाजावरून पडते तिथे सगळे हसले आणि पुढच्याच पानावर गप्प झाले. लेनिनग्राड नाही याची कुणाला खंत नाही. सेन्सॉर म्हणजे काय ते मात्र नीट समजलं नाही, तिथे सोपं करायला हवं: मुलांच्या मते बातमी आली नाही म्हणजे नेटवर्क नव्हतं.

१० ऑगस्ट

शेवटावरून संपादकांशी शेवटचं भांडण (आशा आहे). त्यांना हवं: भैरवी चालू आहे, सूर जुळतो, आणि देवळाच्या पायरीवर बाप. मी म्हटलं, असं झालं तर मुलं शिकतील की नीट गायलं की बाप परत येतो. ज्यांचा नाही आला त्यांनी काय नीट गायलं नव्हतं?

ठरलेला शेवट असा. मे १९४४, भर दुपार. सुलू पडवीत बसून सूर घासतेय, आई वाल सोलतेय. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येतो. नेहमीपेक्षा कमी रक्कम. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात तीन शब्द: ‘हात भाजला. बरा.’ आई अंगठा उठवते, पैसे मोजून घेते आणि पोस्टमनला पाणी देते. सुलू उठत नाही, कारण जीभ अर्धी घासून झालीय. सूर त्या सोमवारी बसतो की पुढच्या, ते पुस्तकात सांगितलेलं नाही. घासायला तिने आधीच घेतला होता, खबर यायच्या आधी, एवढं पुरे.

संपादक दोन दिवस मागून होकार देऊन गेले. चौथीतल्या त्या मुलाला उत्तर मिळालं, पण बापाच्या हाताचं पुढे काय, हे तो विचारणारच.

१८ ऑगस्ट

पुस्तकासोबत ध्वनिमुद्रण द्यायचं ठरलं, मोबाईलवर ऐकता येईल असं: भैरवीची एकच ओळ तीन वेळा. पांढरी एकमध्ये, कोमल रिषभ मुका ठेवून. मग तशीच, मुलाच्या गळ्याने भोक भरून. मग काळी एकमध्ये सबंध. मुलं कानाने निवाडा करतील. गाणारा मुलगा सापडलाय, बुवांचाच नातू. आवाज फुटायच्या आत उरकायला हवं.

बुवांना तारीख विचारली. सत्तावीसला गणपती, तोवर आणि नंतरही घरोघरची भजनं, त्यांना श्वास घ्यायला सवड नाही. “गणपती जाऊंदेत, मगे बघूया. पखवाजवाल्याक मी सांगतंय. कणीक मात्र तुमी घेऊन येवा, मागच्या येळची तुमी नाचण्यात घालवलास.”